आठ वॅटचा आवाज

काकासाहेब मरकडांनी उभ्या आयुष्यात आवाज वाढवण्याचंच काम केलं. शेवगावात कुणाचं लग्न असो, जयंती असो की पुढाऱ्याची सभा, टेम्पोवर कर्णे चढवायचे, तारा ओढायच्या आणि "हॅलो, हॅलो, माईक चेक" म्हणत अख्खा बाजारतळ दणाणून सोडायचा, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. कर्णे गेले, बॉक्स आले. बॉक्स गेले, डीजे आला. मुलगा करण धंद्यात उतरला तोवर 'मरकड साउंड'चा टेम्पो दिसला की लोक लांबूनच कानात बोटं घालायला लागले होते, आणि काकासाहेबांना त्याचा कोण अभिमान! वेशीत वाजलं की मळ्यातल्या वस्तीवर भांडी हलली पाहिजेत, अशी त्यांची कामाची कसोटी.

अशा माणसाने साठी उलटल्यावर आठ वॅटचा अँप्लिफायर घरात आणला आणि त्याच्यापायी जेवणखाण विसरला, ही गोष्ट गावात आधी कुणाला खरीच वाटेना.

त्याचं असं झालं. दोन वर्षांपूर्वी काकासाहेबांना समोरच्याचं बोलणं तुटक ऐकू यायला लागलं. सविताबाई स्वयंपाकघरातून 'चहा' म्हणाल्या की त्यांना 'हा' ऐकू यायचं. बाईंनी धरून नगरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं, कागदावरची उतरती रेघ दाखवली आणि म्हणाले, "बारीक, वरच्या पट्टीतले आवाज तुमच्यापुरते गेले. खालचे आणि मधले चांगले आहेत, ते सांभाळा. डीजेजवळ उभं राहणं आजपासून बंद."

काकासाहेब दवाखान्यातून बाहेर पडले ते पडलेल्या चेहऱ्याने. गाडी सुटायला अजून तीन तास होते. म्हणून ते सविताबाईंना घेऊन योहान साळवे सरांकडे गेले. हे सर पूर्वी शेवगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. काकासाहेबांना दहावीत असताना तारा डागायचं सोल्डरिंग आयर्न धरायला त्यांनीच शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन ते नगरला चर्चच्या मागच्या गल्लीत राहत होते. शिष्याची कर्मकहाणी त्यांनी नीट ऐकून घेतली आणि म्हणाले, "काका, आत ये. तुझ्या कानांना एक गंमत दाखवतो."

आतल्या खोलीत टेबलावर एक काळं, बसकं यंत्र होतं. वर काचेच्या चार नळ्या, जुन्या रेडिओत असायच्या तशा, पण चांगल्या मुठीएवढ्या. सरांनी बटण दाबलं. नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या. मग त्यांनी तबकडी फिरवायला ठेवली, अलगद सुई टेकवली आणि खुर्चीत बसले.

तानपुरा सुरू झाला. काकासाहेबांनी तानपुरे शेकडो वेळा माईकपुढे ठेवले होते. पण तार छेडल्यावर तिचा नाद खोलीभर उमलत जातो आणि विरायच्या आत दुसरी तार त्याला उचलून धरते, हे त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. मग गाणारीने श्वास घेतला. नुसता श्वास! तिचा हात हलला असावा, कारण बांगडी बांगडीला लागली. आवाज इतका हळू होता की गल्लीतून गेलेल्या सायकलची घंटीसुद्धा ऐकू आली, आणि तरीही ती बाई समोर चार हातांवर बसलेली होती. काकासाहेब खुर्चीवरून अर्धे उठले.

"सर, ही बसलीय त्या कपाटाच्या म्होरं. डाव्या अंगाला तानपुरा हाय. बरोबर?"

"बरोबर."

"किती वॅट हाय हे?"

"आठ."

"आठशे?"

"आठ रे बाबा. आठ. नुसतं आठ."

परतीच्या गाडीत काकासाहेब तिसगाव येईपर्यंत बोटांनी गुडघ्यावर तानपुऱ्याची तार छेडत होते. मग एकदम सविताबाईंचा हात धरून म्हणाले, "मला तसलं पायजे." सविताबाईंनी आजूबाजूला बघून हात सोडवून घेतला आणि म्हणाल्या, "मलाबी आवडलं. पन हात कशाला धरता गाडीत?"

तसलं यंत्र मिळायला सात महिने लागले. सरांच्या ओळखीचे पुण्याचे एक गृहस्थ मुलाकडे परदेशी राहायला निघाले होते. त्यांच्याकडे जपानी बनावटीचा, हाताने जुळवलेला असा एक अँप्लिफायर होता, सोबत कंबरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर. गृहस्थांनी एकच विचारलं, "रोज लावणार का? शोकेसमध्ये ठेवणार असाल तर देत नाही." काकासाहेबांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. गोदामात पडून असलेले आपले जुने बेसचे डबे त्यांनी विकले आणि करणला टेम्पो काढायला लावला. आठ वॅटचं ते यंत्र अठ्ठावीस किलोचं भरलं. सविताबाईंच्या गोधडीत गुंडाळून, मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसं काकासाहेबांनी ते पुण्याहून शेवगावपर्यंत हौद्यात बसून आणलं.

गल्ली गोळा झाली. मरकडांनी नवीन सेट आणलाय म्हणजे काय ऐकायला मिळतंय, म्हणून पोरं बँडपथकासमोर उभं राहावं तशी दारात उभी राहिली. करणने मागची पट्टी वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तात्या, आठ वॅट? आपल्या मोरीतला बल्ब नऊ वॅटचा हाय!"

सगळे खो खो हसले. काकासाहेबही हसले. त्यांना त्या दिवशी कशाचाच राग येत नव्हता. त्यांनी जोडण्या केल्या, स्टॅबिलायझर लावला, कारण मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कसं गोते खातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? नळ्या तापल्या. खोलीत सगळे श्वास रोखून उभे.

स्पीकरमधून आवाज आला, "घूंऽऽ..."

तबकडी नाही, गाणं नाही, नुसतं घूं. माशी बाटलीत अडकावी तसं. आणि यंत्राच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिणी. पोरं पांगली. एक जण जाता जाता म्हणाला, "काका, लई भारी म्युझिक हाय."

पुढचे तीन दिवस काकासाहेब जमिनीवर पालथे पडून तारा शोधत होते. ही वायर काढ, ती लाव, हा प्लग उलटा कर. सरांना फोन करून फोनच स्पीकरला लावायचे, "ऐका, कमी झालं का?" चौथ्या दिवशी सकाळी ते मीटरपासून निघाले आणि अर्थिंगची हिरवी तार बोटाने धरून तिच्यामागे चालत गेले. तार भिंतीवरून न्हाणीघरात गेली आणि नळाच्या पाइपाला जाऊन गुंडाळली गेली. काकासाहेब त्या पाइपाकडे बघतच राहिले. पाच वर्षांपूर्वी लोखंडी पाइप गंजले म्हणून सगळे प्लॅस्टिकचे टाकले होते. पाच वर्षं मरकड साउंडच्या मालकाच्या घरची अर्थिंग प्लॅस्टिकला बांधलेली होती!

"सविते!" ते अंगणातूनच ओरडले. "फावडं आन! सापडलं!"

त्या दिवशी अंगणात पारिजातकाशेजारी पाच फूट खड्डा पडला. तळाला तांब्याची प्लेट, तिच्यावर कोळशाचा थर, मग खड्याचं मीठ, परत कोळसा, परत मीठ. मिठाचं अर्धं पोतं मातीत जाताना बघून शेजारीण म्हणाली, "काय लोणचं घालताय का वैनी?" सविताबाईंनी घागरीने पाणी ओतत उत्तर दिलं, "व्हय, यांच्या यंत्राचं."

संध्याकाळचे पाच वाजले असतील. तार जोडली, नळ्या पेटल्या, आणि काही नाही. काहीच नाही! काकासाहेबांना वाटलं, यंत्र बंदच पडलं. त्यांनी स्पीकरला कान लावला. सविताबाईंनी दुसऱ्या स्पीकरला लावला. घूं पार गेलं होतं. मग त्यांनी सरांनी भेट दिलेली ती तानपुऱ्याची तबकडी लावली, आणि शेवगावातल्या त्या बारा बाय चौदाच्या खोलीत, कपाटापुढे, चार हातांवर, ती बाई येऊन बसली. काकासाहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. एकट्याने. गाणं संपायच्या आधीच.

त्यानंतर त्यांचा दिवसच बदलला. पहाटे उठायचे ते यंत्राची धूळ मऊ फडक्याने पुसायला. सरांनी येऊन खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली आणि सांगितलं, भिंती फार कडक आहेत, आवाज उलटून येतो. झालं! सविताबाईंनी ट्रंकेतल्या सगळ्या गोधड्या काढून भिंतींवर टांगल्या. आवाज असा काही जागच्या जागी बसला की सर म्हणाले, पुण्याच्या लोकांनी यासाठी वेगळे तक्ते बसवून घेतले असते. ऐकायला दोघं जोडीने बसत. बारीक आवाज काकासाहेबांना येत नसत, ते सविताबाई सांगत. "आता टाळ वाजले. आता घुंगरू. आता सतारवाल्याचं नख लागलं बगा तारेला." काकासाहेब डोळे मिटून त्या आवाजांना त्यांच्या जागी ठेवत. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण सविताबाईंचे कान इतके तयार आहेत हे त्यांना आताच कळत होतं.

मग एका रविवारी त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

तिच्यात कॅसेटी होत्या. जिथे जिथे मरकडांचा सेट लागला, तिथे काकासाहेब साउंडच्या मिक्सरला टेपरेकॉर्डर जोडून ठेवायचे. भजनं, भारुडं, शाळांची संमेलनं, नुसती भाषणं. अडीचशेच्या वर कॅसेटी, प्रत्येकीवर तारीख आणि गाव. सरांनी आपला चांगला कॅसेट डेक वापरायला दिला आणि आतला बारीक स्क्रू पाव फेरा फिरवून दाखवला. तेवढ्याने पडदा बाजूला सरावा तसा आवाज मोकळा झाला. काकासाहेबांना लहान मुलासारखं झालं. रोज दोन कॅसेटी ऐकायच्या, वहीत नोंद करायची.

तिसऱ्या आठवड्यात एक कॅसेट हाताला लागली. वर लिहिलं होतं, 'तालुका भजनस्पर्धा, बाजारतळ, १९९७.'

या स्पर्धेची कथा तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होती. रंगुबाई वाघमोडे म्हणजे त्या काळची नावाजलेली गायिका. त्यांचा धाकटा भाऊ भिमाजी पखवाजावर. बहीणभावाचं हे मंडळ ओळीने तीन वर्षं पहिलं आलं होतं. चौथ्या वर्षी शेवटच्या गौळणीत, ऐन भरात असताना, दोन मात्रा पखवाज थांबला. रंगुबाई क्षणभर अडखळल्या. परीक्षकांनी गुण कापले आणि ढाल दुसऱ्या गावाला गेली. भिमाजी शपथेवर सांगत होते की माझा हात थांबला नाही. पण हजार माणसांनी ऐकलं होतं. रंगुबाईंनीही ऐकलं होतं. भिमाजींनी त्या दिवशी पखवाजाला गवसणी घातली ती कायमची. बहीणभाऊ लग्नाकार्यात भेटत, बोलत, पण एका मंडळात पुन्हा बसले नाहीत. काकासाहेबांनी स्वतः हा किस्सा चहाच्या टपरीवर कितीदा रंगवून सांगितला होता. "मी मिक्सरवर हुतो ना! भिमाजीचा हात थांबला, अन् ढाल गेली."

कॅसेट सुरू झाली. रंगुबाईंचा आवाज खोलीत आला तो असा ठणठणीत, की सविताबाई निवडायचे तांदूळ बाजूला ठेवून आत आल्या. गौळण चढत गेली. पखवाज घुमत होता. मग ती जागा आली, आणि पखवाज नाहीसा झाला. दोन मात्रा. आणि परत आला.

"झालं," काकासाहेब म्हणाले. "हीच ती जागा."

"थांबा," सविताबाई म्हणाल्या. "ते टक् कशाचं झालं?"

"कसलं टक्?"

"पखवाज जायच्या आदी. टक् झालं. अन् परत आला तवाबी."

काकासाहेबांनी मागे घेऊन पुन्हा लावलं. त्यांना काही ऐकू येईना. पुन्हा लावलं. इतक्यात करण टेम्पोची किल्ली घ्यायला आत आला आणि दारातच थबकला.

"तात्या, हा जॅकचा आवाज हाय," तो म्हणाला. "माईकच्या वायरीचा जॅक मिक्सरात हाललाय. रोज ऐकतो मी ह्यो आवाज."

काकासाहेब उठून यंत्राकडे गेले. मग त्यांनी व्हॉल्यूम थोडा वाढवला, स्पीकरच्या अगदी पुढे जमिनीवर मांडी घातली आणि पुन्हा तीच जागा लावली. टक् त्यांना ऐकू आलं नाही, पण दुसरंच काही आलं. पखवाजाचा माईक मेला होता, रंगुबाईंचा चालू होता. आणि त्या माईकमध्ये, त्यांच्या आवाजाच्या मागे, लांब, पलीकडच्या खोलीत कुणी वाजवावा तसा पखवाज वाजतच होता. धा नाही चुकला, धिन नाही चुकला. काकासाहेबांनी बोटांवर मोजलं. करणने मोजलं. हात थांबला नव्हता. थांबली होती मरकडांची वायर. स्पीकरच्या दणदणाटात स्टेजवर रंगुबाईंनाही पखवाज स्पीकरमधूनच ऐकू येत होता.

आणि मग त्यांना ते आठवलं. दोन नंबरच्या, म्हणजे पखवाजाच्या चॅनेलमध्ये खरखर येत होती. गौळण रंगात आली असताना त्यांनी हात घालून जॅक हलवला होता. खरखर गेली म्हणून ते खूशही झाले होते.

त्यांनी जॅक हलवणारा आपला हात उलटसुलट करून बघितला. पण पुढच्याच क्षणी ते ताडकन उठले आणि खोलीत येरझारा घालायला लागले. "न्हाई थांबला! भिमाजीअण्णाचा हात न्हाई थांबला!"

"नाचताय काय?" सविताबाई म्हणाल्या. "तुमचीच चूक सापडलीय."

"व्हय. पन सापडली की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकल काढून चापडगावला गेले. भिमाजी तिथे पिठाची गिरणी चालवत. गिरणीचा पट्टा धडधडत होता आणि भिमाजी भुवयांपर्यंत पांढरे झालेले. काकासाहेब ओरडून सांगायला लागले, पण ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती. त्यांनी हातानेच गिरणी बंद करायची खूण केली. पट्टा थांबला. काकासाहेब रस्त्यात जुळवलेली वाक्यं सगळी विसरले आणि त्यांनी सरळ सांगितलं.

"अण्णा, त्या दिवशी तुमचा हात थांबला न्हवता. मी जॅक हलवला हुता. मला कालपत्तुर म्हाईत न्हवतं. पन तुमाला नावं ठेवत हिंडलो, ते खरं हाय."

भिमाजींनी त्यांच्याकडे बघितलं. वळले आणि गिरणी पुन्हा सुरू केली. काकासाहेब पोत्यावर बसून राहिले. एका गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले, दुसऱ्याची बाजरी झाली. मग भिमाजींनी गिरणी बंद केली.

"पुरावा हाय?" भिमाजींनी विचारलं.

"हाय. ऐकायला या."

"आक्काला सांगितलंस?"

"न्हाई. आदी तुमच्याकडं आलो."

"मग तिला मी आनतो," भिमाजी म्हणाले, आणि डोक्यावरचं फडकं झटकलं तसा पिठाचा ढग उडाला.

गुरुवारी दुपारी दोघं आले. रंगुबाई चौऱ्याहत्तरीच्या, काठी टेकत आल्या. भिंतीवरच्या गोधड्या बघून म्हणाल्या, "गं बाई, हितं कोन बाळंत झालं?" त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. भिमाजी शेजारी, पाठ ताठ, हात मांडीवर. करणने त्या दिवशी डीजेची एक सुपारी दुसऱ्याला दिली होती. तो दाराला टेकून उभा राहिला.

गाणं सुरू झालं. रंगुबाईंनी मान वर केली. "ही कोन?"

"तुमीच, आक्का."

"मी? असा हुता व्हय माझा आवाज?" त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मग तोही खाली आला, कारण ऐकण्यात त्यांना पदराचं भान राहिलं नाही. आपल्या शेचाळिसाव्या वर्षीच्या आवाजासमोर त्या बसल्या होत्या. प्रत्येक तान कुठे वळणार ते त्यांच्या ओठांना आधी कळत होतं.

जागा जवळ आली. भिमाजींची बोटं मांडीवर चालायला लागली. पखवाज नाहीसा झाला. पण बोटं थांबली नाहीत, आणि लांबून, त्यांच्या बोटांखालीच जणू, तो दुसरा बारीक पखवाज त्यांच्याबरोबर चालत राहिला. धा, धिन, ता. पखवाज परत आला तेव्हा बोटं बरोबर समेवर होती.

"परत लाव," रंगुबाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा वाजून गेल्यावर रंगुबाई भावाकडे वळल्या.

"भिमा," त्या म्हणाल्या, "तुझा हात थांबला न्हवता रं."

"मी दुसरं काय म्हनत हुतो, आक्का?" भिमाजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला आणि त्यावर त्यांनाच हसू फुटलं. रंगुबाईही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी भावाच्या पाठीत असा धपाटा घातला की खांद्यावरून पीठ उडालं. गिरणीचं पीठ त्यांच्या सदऱ्यातून कधी निघतच नसे. मग रंगुबाईंनी काठी काकासाहेबांकडे रोखली.

"अन् तू रं मुडद्या! टपरीवर बसून सांगत हुतास नव्हं सगळ्या गावाला?"

"चुकलो, आक्का."

"चार भिंतीत चुकलो म्हनून भागतं व्हय? जितं बोललास तितं सांग. माईकवर सांग."

काकासाहेबांनी डोकं खाजवलं. त्यांनी हजारो माणसांना माईक लावून दिला होता, पण स्वतः 'हॅलो चेक'च्या पुढे एक शब्द कधी बोलले नव्हते. तरीही ते हो म्हणाले.

पुढच्या एकादशीला बाजारतळाजवळच्या मंदिरात आसपासची भजनी मंडळं जमली होती. करणने माईक लावला. काकासाहेब उभे राहिले. "हॅलो," ते म्हणाले, आणि सवयीने पुढे "चेक" म्हणून बसले. सभामंडप हसला. त्या हसण्यानेच त्यांना धीर आला. त्यांनी सगळं सांगितलं: खरखर, जॅक, दोन मात्रा, टपरी, आणि प्लॅस्टिकला बांधलेली अर्थिंगसुद्धा, कारण बोलायला लागल्यावर त्यांना थांबवेना. "भिमाजी वाघमोड्यांचा हात थांबला नव्हता. ज्याला खात्री करायची त्यानं माझ्या घरी यावं," एवढं म्हणून ते घामाघूम होऊन खाली बसले. कुणी टाळ वाजवले, मग सगळ्यांनीच टाळ वाजवायला सुरुवात केली.

आणि लोक खरंच आले! त्याच दुपारी गल्ली भरली. खोलीत आठ माणसं मावत. करणने दारात उभं राहून आठ आठची तुकडी आत सोडायला सुरुवात केली, चपला बाहेर, मोबाईल बंद. सविताबाई प्रत्येक तुकडीला आधीच बजावत, "टक् ऐका बरं का, आदी टक् येतंय." एक म्हातारे टाळकरी, जे त्या दिवशी स्टेजवर मागे बसले होते, ऐकून बाहेर आले आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. यंत्र त्या दिवशी दहा वेळा तीच गौळण गायलं. काकासाहेब दर वेळी नळ्यांवर हात धरून, फार तापल्या तर नाहीत ना, बघत होते.

ढाल काही परत आली नाही, आणि कुणी मागितलीही नाही. भिमाजींची बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. रंगुबाईंचा आवाज वरच्या सुरावर जात नाही. पण दर गुरुवारी चापडगावची गाडी येते आणि दोघं उतरतात. कधी पखवाज बरोबर असतो, कधी नसतो. मध्ये एकदा योहान सर चर्चमधल्या वादनाची एक रेकॉर्ड घेऊन आले होते. त्यातल्या मोठ्या व्हायोलिनचा घोगरा सूर ऐकून भिमाजी म्हणाले, "ह्यो गडी रडत न्हाई, पन रडू थांबवून धरतोय." सरांनी हे वाक्य लिहून घेतलं आणि पुढच्या खेपेला आणखी तीन रेकॉर्डी घेऊन आले.

सगळ्यात नवल करणचं. डीजेच्या सुपाऱ्या तो अजून घेतो, पण रिकाम्या दुपारी त्याच खोलीत बसलेला सापडतो. आठ वॅटमध्ये हे कसं जमतं, या प्रश्नाने त्याला पछाडलं. सरांकडून जोडण्यांचा नकाशा आणून बापलेकांनी दुसरा अँप्लिफायर स्वतःच्या हाताने जुळवायला घेतला. ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायची, फेरे मोजायचे, चुकलं की उलगडायचं. चार महिने ओसरीत सोल्डरचा वास भरून राहिला होता.

काल दुपारी तो पहिल्यांदा लावला. दोघांनी आधी पाच वेळा सगळं तपासलं. करणने बटणावर बोट ठेवलं आणि बापाकडे बघितलं.

"दाब की," काकासाहेब म्हणाले.

काचेच्या आत एक बारीक ठिणगीएवढा ठिपका दिसला, मग तार लालसर झाली, मग चारही नळ्या पेटल्या.

"आई!" करण ओरडला. "ये लवकर! पेटल्या!"

सविताबाई कणकेच्या हातानेच धावत आल्या. अजून स्पीकर जोडलेले नव्हते, गाणं ठरलेलं नव्हतं. तिघं ओसरीत गुडघ्यांवर बसून त्या नारिंगी उजेडाकडे बघत होते, आणि आधी काय लावायचं यावरून बापलेकात कडाक्याचं भांडण सुरू झालं होतं.